शिकाऱ्याची बाजू

आमच्या गावात कोणाचं काही वाईट झालं, बैलाला पान लागलं म्हणजे साप चावला, कोणाची पोरगी सासरहून परत आली, कोणाची सोयाबीनची गंजी पेटली, की पाच मिनिटांत एकजण तरी म्हणतोच, "भोग असतात बाप्पा ज्याचे त्याचे." म्हणणारा काही वाईट माणूस नसतो. बरेचदा तोच सगळ्यात आधी धावत आलेला असतो, गाडीसाठी फोन त्यानंच लावलेला असतो, पण एकदा काम झालं, हात मोकळे झाले, आता काय बोलावं ते सुचत नाही म्हटल्यावर हे वाक्य तोंडात तयारच असतं. नव्या पोरांचं थोडं वेगळं आहे. ते "कर्मा" म्हणतात, शेवटचा आ लांबवून, आणि कोणी उसने पैसे बुडवले की व्हॉट्सॲपला स्टेटस ठेवतात. तो कर्मा बहुतेक वसुलीच्या कामाचा असावा, त्याच्याबद्दल मला काही म्हणायचं नाही.

मला बोलायचं आहे ते पहिल्या वाक्याबद्दल. पावसाळ्यात आमच्या गावात दोन भोंगे चालतात. एक विहाराचा, आषाढी पौर्णिमेपासून अश्विन पौर्णिमेपर्यंत वर्षावास, म्हणजे भिक्खूंचा पावसाळी मुक्काम, असतो तेव्हा रोज संध्याकाळी बाबासाहेबांच्या 'बुद्ध आणि त्यांचा धम्म'चं वाचन असतं. दुसरा हनुमानाच्या देवळावरचा, तिथं हरिपाठ, श्रावणात पोथी, आणि वर्गणी जमली त्या साली भागवत सप्ताह. दोन्हीकडून कर्म ऐकू येतं. आणि नेमके हेच महिने आमच्या डवरणीचे, खताचे, फवाऱ्याचे, सापाविंचवाचे. म्हणजे कर्माचं तत्त्वज्ञान आम्ही ऐकतो तेव्हा हाताला औषधाचा वास असतो, आणि माझ्या मते त्यानं ऐकण्यात फरक पडतो.

२०१७चा सीझन आमच्याकडे कोणी विसरणार नाही. बीटी कपाशीला, म्हणजे अळीला मारणारा गुण बियाण्यातच घातलेल्या कपाशीला, देशात परवानगी मिळाली २००२ला, तेव्हा सांगत होते की आता बोंडअळीचं टेन्शन गेलं, आणि पंधरा वर्षांत गुलाबी बोंडअळीनं बीटीलाच खाऊन दाखवलं. लोकांनी फवाऱ्यावर फवारे मारले. त्या साली यवतमाळ जिल्ह्यात फवारणीतून विषबाधा होऊन २०हून जास्त शेतकरी-शेतमजूर गेले, शेकडो दवाखान्यात भरती झाले. पेपरात आलं, टीव्हीवर आलं, चौकश्या बसल्या.

आमच्या गल्लीतला एकजण त्यातच सापडला. स्वतःचं वावर नाही, दुसऱ्याच्या वावरात पंपामागं पैसे घेऊन फवारा मारायचा. पंपामागं पैसे म्हणजे काय ते शहरातल्या वाचकाला सांगतो, जितके पंप रिकामे होतील तितकी मजुरी, म्हणून माणूस जेवायला थांबत नाही, वारा फिरला तरी थांबत नाही. पाठीवर पंप, अंगात जुना फुलबाह्याचा शर्ट, तोंडाला दुपट्टा. दुपट्टा ओला झाला की तोच नाकावर चिकटून बसतो, मग माणूस तो खाली ओढतो. बादलीत दोन-तीन औषधं एकत्र करायची, माप म्हणजे बाटलीचं झाकण, ढवळायला पऱ्हाटीची म्हणजे कपाशीची काडी, आणि काडी तुटली की हात. त्या वर्षी पऱ्हाटी डोक्याच्या वर गेली होती, म्हणजे औषध खाली झाडावर मारायचं नाही तर तोंडासमोर आणि डोक्यावर मारायचं, आणि ते सगळं परत आपल्याच अंगावर. तिसऱ्या प्रहरी त्याला मळमळलं, मग डोळ्यांपुढं अंधारी. दवाखान्यात डॉक्टर विचारत होते औषध कोणतं, कोणतं, आणि वावरवाल्याकडं बिल होतं ते कच्चं, त्यावर नुसतं 'औषध' आणि रक्कम. माणूस वाचला. डोळे मात्र पहिल्यासारखे राहिले नाहीत, आता समोरचा माणूस आवाजावरून ओळखतो.

भोगाचं वाक्य त्या आठवड्यात तिघांनी म्हटलं. एक त्याचा लांबचा मामा, तो बिचारा खरंच रडत होता. दुसरा वावरवाला. तिसरा औषधाचा दुकानदार. मामाला त्या वाक्यातून धीर पाहिजे होता. बाकीच्या दोघांना काय पाहिजे होतं ते मी वेगळं सांगत नाही. त्याची बायको ओसरीत बसली होती, जवळ प्लास्टिकच्या पिशवीत ती रिकामी बाटली, सगळे म्हणत होते फेकून दे, घरात लेकरं आहेत, आणि ती फेकत नव्हती. दुकानदार म्हणाला, "जाऊ द्या न वहिनी, भोग होते त्याचे." ती म्हणे, "भोग त्याईचे असंन. बाटली त्याईची नोती."

हे झाल्यावर मला वाचायचा नाद लागला. म्हणजे आधीही थोडा होता, पण आता एक प्रश्न घेऊन वाचायला लागलो: जे काही दुःख येतं ते सगळं मागच्या कर्मानंच येतं का? आणि मजा अशी की नेमका हाच प्रश्न अडीच हजार वर्षांपूर्वी एकानं विचारून ठेवला आहे. राजगृहाच्या वेळुवनात मोळिय सीवक नावाचा परिव्राजक, म्हणजे फिरता संन्यासी, बुद्धाकडं आला आणि म्हणाला, काही श्रमण-ब्राह्मण सांगतात की माणसाला जे सुख-दुःख होतं ते सगळं पूर्वकर्मामुळं, तुमचं काय म्हणणं? बुद्धानं कारणं मोजून दाखवली. पित्त, कफ, वात, तिन्ही मिळून बिघडले तर सन्निपात, ऋतूचा पालट, निगा नीट न राखणं, बाहेरून झालेला घात, आणि शेवटी आठवं, कर्माचं फळ. म्हणजे कर्म यादीत आहे, खोडलेलं नाही, पण आठातलं एक. आणि पुढं तो म्हणतो की आजार पित्तानं झाला हे माणसाला स्वतःलाही कळतं आणि चार लोकांनाही मान्य असतं, तरी जे सगळंच मागच्या कर्मावर टाकतात त्यांचं म्हणणं चूक. हे सगळं संयुत्त निकायात, म्हणजे बुद्धाच्या उपदेशांच्या एका पाली संग्रहात आहे.

आता ही यादी घेऊन आमच्या गल्लीतल्या माणसाकडं बघा. ऋतू: आश्विनातलं ऊन, हवा पडलेली, औषध वर जाऊन तिथंच तरंगत राहिलेलं. निगा: मास्क नाही, हातमोजे नाहीत, पोटात सकाळची एक भाकर. बाहेरचा घात: कोणती औषधं एकमेकांत मिसळू नये हे न सांगता बाटल्या विकणारा, पंपाचा रेट ठरवणारा, उंच झालेल्या पऱ्हाटीत माणूस पाठवणारा. तीन खाने तर इथंच भरले. आठव्यापर्यंत जायची गरज काय पडली? आमच्याकडं उलटं होतं, आठव्यापासून सुरू करतात आणि तिथंच थांबतात.

हे मी माझ्या विहारातल्या मित्राला सांगितलं तर तो म्हणे, "गड्या, तुमच्यात काय लिवलं हाय ते पाह्य न पयले." बरोबर होतं त्याचं. मी पाहिलं. आणि महाभारतात अनुशासनपर्वाच्या अगदी पहिल्याच अध्यायात मला एक गोष्ट सापडली, आमच्या सप्ताहात ती मी तरी कधी ऐकली नव्हती.

गौतमी नावाची एक म्हातारी. तिच्या पोराला साप चावला, पोरगं गेलं. अर्जुनक नावाच्या शिकाऱ्यानं तो साप पकडला, दोरीनं बांधला, आणि तिच्यापुढं आणून टाकला. म्हणाला, सांग माय, याला कसा मारू, आगीत टाकू की तुकडे करू? गौतमी म्हणते, सोडून दे, याला मारून माझं पोरगं परत येणार आहे का? शिकारी ऐकत नाही. तेव्हा साप बोलायला लागतो. म्हणतो, माझा काय दोष, मला मृत्यूनं पाठवलं, मी आपला हुकमाचा ताबेदार. मग मृत्यू स्वतः हजर होतो आणि म्हणतो, माझ्याकडं कशाला बघता, मला काळानं पाठवलं. मग काळ येतो आणि सांगतो, सापाचा दोष नाही, मृत्यूचा नाही, माझाही नाही, हे पोरगं आपल्याच कर्मानं मेलं.

ज्यानं तालुक्याला पीक विम्याच्या नाहीतर नुकसानभरपाईच्या कामानं चकरा मारल्या आहेत त्याला ही गोष्ट समजवून सांगावी लागत नाही. हा टेबल त्या टेबलाकडं पाठवतो, तो साहेबाकडं, साहेब वरच्या साहेबाकडं, आणि सगळ्यात वरचा साहेब फाईल उघडून म्हणतो, भाऊ, चूक तुमच्याच अर्जात आहे.

गौतमी शेवटी काय म्हणते ते मात्र ऐकण्यासारखं आहे. ती म्हणते, हो, पोरगं त्याच्या कर्मानं गेलं, आणि मीही असं काही केलं असेल की माझं पोरगं गेलं, म्हणून अर्जुनका, सोड त्या सापाला. साप सुटतो. मला या म्हातारीबद्दल फार वाटतं. कर्म हा शब्द तिनं स्वतःवर घेतला, स्वतःच्या तोंडानं घेतला, आणि त्यातून एक जीव वाचला. सूड थांबला. आमची माय अशीच आहे. दिवसातून दहा वेळा कर्म काढते, दूध उतू गेलं की कर्म माझं, लाईन गेली की कर्म माझं, पण शेजारी मयत झाली की पिठलं-भाकर घेऊन जाते, तिथं बसते, आणि हा शब्द तिच्या तोंडातून निघत नाही. तुकोबांचं "आलिया भोगासी असावें सादर" मी त्याच हिशेबानं वाचतो. ज्याची बायको, पोरगं दुष्काळात गेलं तो माणूस हे स्वतःच्या जिवाला सांगतो आहे. तेच चरण एखादा पोट भरलेला माणूस उपाशी माणसाला ऐकवतो तेव्हा अक्षरं तीच राहतात आणि अभंग नासून जातो.

पण गोष्ट इथं संपत नाही, आणि खरा वांधा पुढंच आहे. ही गोष्ट कोण कोणाला सांगतं आहे? भीष्म शरपंजरी पडले आहेत आणि समोर युधिष्ठिर. युद्ध झालं आहे, नातेवाईक मेले आहेत, आणि त्याला आतून खातं आहे की हे माझ्यामुळं झालं. राजाला बोचणी लागली आहे! अशी बोचणी लागलेला राजा किती दुर्मिळ. आणि भीष्म गोष्ट सांगून वर काय म्हणतात, की हे तूही केलं नाहीस आणि दुर्योधनानंही केलं नाही, काळानं केलं. म्हणजे बघा, गौतमीच्या तोंडी जे कर्म सापाला सोडून देतं तेच कर्म गोष्टीबाहेर येऊन दोन्ही राजांना सोडून देतं. युद्धात मेलेला जो साधा प्यादा होता, ज्याला राज्यही मिळणार नव्हतं आणि द्रौपदीच्या अपमानाशीही देणंघेणं नव्हतं, त्याच्या मायला कोणी विचारलं का, की बाई तुझं काय म्हणणं?

(आमच्याकडं राजा नाही, समिती आहे. शेतकऱ्यानं जीव दिला की प्रकरण जिल्ह्याला जातं आणि तिथं ठरतं पात्र की अपात्र. कर्ज होतं का, नापिकी होती का, वसुलीचा तगादा होता का, कागद आहेत का. पात्र निघालं तर १ लाख. अपात्र निघालं तर तो माणूस मग कशानं मेला याचा खाना कोणत्याच कागदावर नसतो. तो खाना गाव भरतं, भोग म्हणून.)

म्हणून मला त्या गोष्टीत शिकारी आवडतो. सापाला जाळायचं म्हणतो ते चूकच आहे, मी म्हणत नाही जाळा. पण सगळ्या गोष्टीत जबाबदार कोण असं विचारणारा तो एकटाच आहे. त्यानं विचारलं नसतं तर साप बोलला नसता, मृत्यू आला नसता, काळ आला नसता. प्रत्येकाला त्यानं येऊन जबाब द्यायला लावला. आणि हरला कशामुळं, तर माय म्हणाली सोड म्हणून. दुसऱ्या कोणी म्हटलं असतं तर त्यानं सोडू नये, असं माझं स्पष्ट मत आहे.

बुद्धाच्या बाजूलाही एक गौतमी आहे, किसा गोतमी, श्रावस्तीची. तिचंही पोरगं गेलं, ती प्रेत घेऊन दारोदार औषध मागत फिरते. बुद्ध तिला सांगतो, ज्या घरात कोणी मेलं नाही अशा घरून मोहरी आण. ही गोष्ट सगळ्यांना माहीत आहे, पण ती सांगणारे मोहरीवर भर देतात, आणि मला त्यात जे नाही ते जास्त दिसतं. बुद्ध तिला असं म्हणत नाही की हे तुझ्या मागच्या जन्माचं आहे. म्हणायला संधी होती, अधिकार होता, बाकी ठिकाणी तो कर्माबद्दल भरपूर बोलतो. पण रडणाऱ्या बाईपुढं तो हिशेब काढत नाही. तिला घरोघर पाठवतो, म्हणजे माणसांत पाठवतो.

आता मित्र हे ऐकून खूश होणार हे मला माहीत होतं, म्हणून मी त्याला चक्खुपालाची गोष्ट काढून दिली. धम्मपदाची पहिलीच गाथा, मन आधी येतं, वाईट मनानं बोललं-केलं तर दुःख मागं लागतं, बंडी ओढणाऱ्या बैलाच्या पायामागं चाक येतं तसं. विहारात पोरांना पाठ असते. या गाथेवर अट्ठकथेत, म्हणजे जुन्या पाली टीकेत, गोष्ट आहे ती चक्खुपाल नावाच्या आंधळ्या भिक्खूची. पावसानंतर तो फेऱ्या घालतो आणि पायाखाली किडे मरतात. बाकीचे भिक्खू तक्रार करतात. बुद्ध म्हणतो, त्याला दिसलं नाही, मारायची चेतना, म्हणजे इरादा, नव्हती, म्हणून दोष नाही. इथवर फार छान. (बोंडअळीवर फवारा मारताना आमची चेतना शंभर टक्के असते, त्याचं काय होणार ते आम्ही विचारत नाही.) पण मग भिक्खू विचारतात की एवढा चांगला भिक्खू आंधळा का झाला? आणि तिथं उत्तर येतं: मागल्या एका जन्मी तो वैद्य होता, एका बाईनं त्याला फसवलं म्हणून त्यानं मुद्दाम औषध घालून तिचे डोळे घालवले.

मित्र गप्प झाला. मग म्हणे, "हे मी विहारात वाचून दाखवू कसं? तो आंधळा माणूस दर रविवारी समोर येऊन बसते." म्हणजे आमच्या गल्लीतलाच तो. डोळे गेल्यापासून तो दोन्ही भोंग्यांखाली जाऊन बसतो, त्याला भेद नाही, चहा कुठं चांगला मिळतो एवढंच बघतो.

तर बौद्धांकडं सगळं स्वच्छ आणि हिंदूंकडं सगळं खराब असा हिशेब लागत नाही. मज्झिम निकायात सुभ नावाच्या तरुणाला बुद्ध सरळ सांगतो की अल्पायुषी, रोगी, कुरूप, गरीब माणसं तशी होतात ती कर्मामुळं. सीवकाला सांगितलेलं वेगळं आणि सुभाला सांगितलेलं वेगळं वाटतं. आणि हिंदूंकडं, त्याच अनुशासनपर्वात पाच अध्याय पुढं गेलं की युधिष्ठिर विचारतो दैव मोठं की प्रयत्न, आणि उत्तर येतं की प्रयत्न म्हणजे वावर, दैव म्हणजे बी, दोन्ही मिळाल्याशिवाय पीक नाही. हे वाचून मी खूप हसलो, कारण आमच्याकडं बी म्हणजे आता पाकीट. दैव दुकानातून विकत आणायचं, आणि बोगस निघालं तर उगवतच नाही.

बाबासाहेबांनी हा गुंता पाहिला होता. 'बुद्ध आणि त्यांचा धम्म' छापून आलं १९५७ला, ते गेल्यावर, पण त्याच्या प्रस्तावनेतच त्यांनी हे कोडं मांडून ठेवलं आहे: बुद्ध आत्मा नाकारतो आणि कर्म, पुनर्जन्म ठेवतो, मग हे बसतं कसं? त्यांचं उत्तर असं की बुद्धाचा कर्मनियम जगाच्या नैतिक व्यवस्थेबद्दल आहे, कोणा एकाच्या नशिबाबद्दल नाही. समाजात वाईट कर्म वाढलं तर सगळ्यांनाच भोगावं लागतं. आणि मागच्या जन्माच्या कर्मावर आजची गरिबी ढकलणाऱ्या सिद्धांताबद्दल त्यांनी लिहिलं आहे की त्याचा उपयोग एकच दिसतो, गरिबांच्या आणि खालच्यांच्या परिस्थितीची जबाबदारी सरकारनं आणि समाजानं झटकून टाकावी. मी हे वाचलं तेव्हा मला भीष्म आणि युधिष्ठिरच दिसले.

पंडित म्हणतील, बाबासाहेबांनी पाली ग्रंथातलं पाहिजे ते घेतलं, नको ते सोडलं. घेतलं असेल. पण माझ्या मित्राच्या आज्यासाठी हा ग्रंथांचा प्रश्न नव्हता. छांदोग्य उपनिषदात लिहिलं आहे की चांगल्या वागणुकीचे लोक ब्राह्मणाच्या, क्षत्रियाच्या, वैश्याच्या पोटी जन्मतात आणि वाईट वागणुकीचे कुत्र्याच्या, डुकराच्या नाहीतर चांडाळाच्या. आज्यानं उपनिषद वाचलं नव्हतं, पण विहिरीपासून लांब उभं राहून त्याला त्याचा अर्थ पाठ होता. तहान लागलेल्या माणसाला मागच्या जन्माचं सांगणं, याच्यापेक्षा सोपा पहारेकरी कोणाला मिळणार? १४ ऑक्टोबर १९५६ला नागपूरला तो गेला होता, पांढरे कपडे उसने घेऊन. तिथं २२ प्रतिज्ञा घेतल्या त्यात श्राद्ध करणार नाही, पिंडदान करणार नाही ही पण आहे. मित्राच्या घरी पितृपक्षात काही होत नाही.

मात्र आजा गेला तेव्हा त्यांच्याकडं पुण्यानुमोदन झालं. भंते आले, परित्राण म्हणजे सुत्तांचं पठण झालं, जलदान विधी झाला, ताटातल्या पेल्यात पाणी ओततात आणि ते काठावरून सांडत राहतं, केलेलं पुण्य गेलेल्याला पोचो म्हणून. मी शेजारी बसून बघत होतो आणि डोक्यात किडा आला की कर्म जर ज्याचं त्याचं असेल, सुभाला तसंच सांगितलं आहे की प्राणी आपल्या कर्माचाच वारसदार, तर नातवाचं पुण्य आज्याला कसं जाईल? आणि आमच्याकडं तरी काय, बाप आपल्या कर्मानं जिथं जायचा तिथं गेला, तरी आम्ही वडे-खीर करून कावळ्याची वाट बघतो, की पोचावं त्याला. वर पोरगं जन्मलं की पाचवीला पाटाजवळ कोरा कागद आणि पेन ठेवतो, सटवाई येऊन नशीब लिहील म्हणून. मागच्या जन्माचं सगळं ठरलेलं असेल तर कागद कोरा कशाला? कोणाला हे खटकत नाही. मला वाटतं बरंच आहे. आपल्या माणसाच्या बाबतीत कोणीच हिशेब पक्का ठेवत नाही, दोन्ही वस्त्यांत नाही. सगळी कडक वसुली दुसऱ्याच्या दारात.

परवा मी मित्राला बृहदारण्यकातली गोष्ट सांगत होतो, पारावर, संध्याकाळी, दोन्ही भोंगे सुरू व्हायच्या आधी. जनकाच्या दरबारात वाद चालला आहे, मोठमोठे विद्वान याज्ञवल्क्याला प्रश्न विचारताहेत. आर्तभाग विचारतो की माणूस मेला, त्याची वाणी अग्नीत गेली, प्राण वाऱ्यात गेला, डोळा सूर्यात गेला, मग तो माणूस राहिला कुठं? एवढा वेळ फडाफडा उत्तरं देणारा याज्ञवल्क्य इथं थांबतो. म्हणतो, बाळा, हात दे, हे आपण दोघंच जाणून घेऊ, इथं लोकांत नको. दोघं बाहेर जातात आणि बोलतात, आणि जे बोलले ते कर्माबद्दल बोलले, पुण्यानं माणूस पुण्यवान होतो, पापानं पापी. अभ्यासक म्हणतात तेव्हा ही नवी विद्या होती म्हणून गुपित. मी मित्राला म्हटलं, मला तसं वाटत नाही, मला वाटतं त्याला कळलं असावं की ही चारचौघांत बोलायची गोष्ट नाही, सभेत कोणीतरी नुकतंच आपलं माणूस जाळून आलेलं असू शकतं.

मित्रानं खर्ऱ्याची पुडी खोलली, जरा विचार केला.

"सारं ठीक हाय," म्हणे. "पण दोघंच बाहीर गेले, दोघंच बोलले, तं मंग लिवलं कोणं?"

मी म्हटलं, आर्तभाग फुटला असंन.

"असंनच," तो म्हणाला, "गावात काई राह्यते काय लपून."